पात्रतेची तळटीप लिहिणाऱ्या महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय पात्रतालेखक महोदय,
पदव्युत्तर अर्थशास्त्र प्रवेश विभाग,
मुक्काम : माहितीपुस्तिकेचे शेवटचे पान, तळाशी.

विषय : आपले आभार मानण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपले नाव मला ठाऊक नाही. आपल्या संस्थेचे ठाऊक आहे, पण लिहीत नाही. एकीचे लिहिले तर याच साच्यातल्या अटी घालणाऱ्या इतर संस्थांना डावलल्यासारखे होईल, आणि डावलले जाण्याचे दुःख काय असते हे आपल्या कृपेने मला आता चांगलेच कळते.

मी खोपटला राहते. ठाण्याचा एसटी डेपो आहे ना, तिथेच. टीवायबीए, विषय अर्थशास्त्र, सहाच्या सहा पेपर त्याचेच. आपल्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरताना आपण जे जे मागितलेत ते ते मी दिले. आईचे नाव, आधार क्रमांक, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, काळ्या शाईतली सही. नोंदणीचे शुल्कही आपण आधीच भरून घेतलेत, ते परत मिळणार नाही हेही सांगितलेत. इतका स्पष्टवक्तेपणा हल्ली दुर्मिळ आहे. मग पुढच्या पानावर आपण विचारलेत : बारावीला गणित होते का? होय आणि नाही असे दोन गोल होते. ‘नाही’वर बोट टेकवले आणि क्षणात लाल अक्षरांत आपला निरोप आला की, मी पात्र नाही. एवढे तत्पर उत्तर मला आजवर कुठल्याही कचेरीतून आलेले नाही. आपली आभारी असण्याची सुरुवात तिथून झाली.

आपली माहितीपुस्तिका फारच देखणी आहे. मुखपृष्ठावर हिरवळ, हिरवळीवर चार विद्यार्थी, चौघेही हसताहेत. (त्या चौघांना बारावीला गणित होते, हे चेहऱ्यावरूनच कळते.) आतल्या पानावर ठळक अक्षरांत सर्व पदवीधरांचे स्वागत आहे. त्या स्वागताच्या शेपटाला एक इवलासा तारा. तो कुठे उगवतो ते शोधत मी शुल्क, वसतिगृह, खानावळ, रॅगिंगविरोधी हमीपत्र असे सगळे ओलांडत शेवटच्या पानाच्या तळाशी पोचले, तर तिथे बारावीच्या गणिताची अट घेऊन आपण होतात. माझे बाबा एसटीत वाहक आहेत. ते म्हणाले, “गाडी कुठे जाते ती पाटी आम्ही समोरच्या काचेवर लावतो. मागे टायरच्या वर बारीक अक्षरांत लिहिली असती तर लोकांनी मारले असते आम्हाला.” त्यांचे बोलणे मनावर घेऊ नये. उच्च शिक्षणाचा त्यांना अनुभव नाही.

आपल्या विशाल दृष्टीला मात्र तोड नाही. आपल्याकडे इंजिनियर चालतो. फिजिक्सवाला चालतो, संगणकवाला चालतो. त्याने जन्मात मागणीचा वक्र काढलेला नसला तरी चालतो. आमच्या मजल्यावरचा दादा मेकॅनिकल इंजिनियर आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी त्याने मला जिन्यात थांबवून विचारले, “राजकोषीय तूट म्हणजे सरकारचा तोटाच ना गं?” मी त्याला महसुली तूट कोणती, राजकोषीय कोणती, कर्ज कुठे मोजतात, व्याज कुठे मोजतात, हे सगळे पायरीवर बसून समजावले. आपल्या नियमाने तो पात्र आणि मी अपात्र. त्याला मी हे सांगितले तेव्हा तो ओशाळला. आपण ओशाळू नये अशी विनंती आहे.

आता मूळ गुन्ह्याकडे येते, म्हणजे माझ्या. दहावीनंतर मी कॉमर्स घेतले. ज्युनियर कॉलेजच्या खिडकीवर जाळीमागच्या बाईंनी फॉर्मवरून मान वर न करता विचारले, “मॅथ्स की एसपी? लवकर सांग, मागे रांग आहे.” एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, मराठी पुस्तकावर त्याचे नाव ‘चिटणिसाची कार्यपद्धती’. शेजारच्या काकूंनी, क्लासच्या सरांनी आणि रांगेतल्या मागच्या मुलीने एकमुखाने सांगितले होते की एसपी स्कोरिंग आहे. मी एसपी म्हटले. बाईंनी खूण केली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि त्या एका खुणेने माझ्या एम. ए.चा निकाल लागला. दूरदृष्टी म्हणतात ती ही! दहावीच्या पोरीच्या हातून तिच्या एकविसाव्या वर्षीचे दार बंद करून घ्यायचे, आणि तेही तिला न कळता, म्हणजे रडारड नाही.

कला शाखेतल्या माझ्या मैत्रिणींना तर खिडकीवर विचारलेसुद्धा नाही. आर्ट्सला गणित घेता येते, बोर्डाचा तसा पेपरही आहे. पण ते शिकवणारे ज्युनियर कॉलेज ठाण्या-कल्याणच्या पट्ट्यात शोधायला निघावे म्हणजे आपल्या प्रश्नाचे मोल कळते.

एसपीने मला काय दिले हेही सांगते, कारण त्याचे श्रेय नाही म्हटले तरी आपल्याकडे येते. चिटणिसाने सभासदांना, कर्जरोखेधारकांना, ठेवीदारांना पत्रे कशी लिहावीत, हे त्यात पानोपानी आहे. पत्र सौजन्यपूर्ण असावे. मुद्देसूद असावे. वाईट बातमी द्यायची असली तरी भाषा मृदू ठेवावी. हे पत्र आपल्याला त्या मापाने उतरलेले वाटले तर बारावीचा माझा तो पेपर वाया गेला नाही असे मी समजेन.

आणि गणिताशी माझे वैर आहे असेही नाही. टीवायला अवकलन शिकले. कमाल-किमान काढले, मॅट्रिक्सचे व्यस्त काढले, लग्रांजचा गुणक वापरून ग्राहकाचा समतोल काढला. सहसंबंध आणि समाश्रयण तर हातचा मळ. मला आपल्या मदत-क्रमांकावर विचारावेसे वाटले की, पदवीला शिकलेले गणित धरतात का? फोनवरच्या मॅडम अतिशय गोड होत्या. म्हणाल्या, “नियमात बारावी लिहिलेय ना, मग बारावीच.” म्हणजे प्रश्न मला गणित येते का असा नव्हताच. ते मी कितव्या वर्षी शिकले, असा होता. विसाव्या वर्षी शिकलेले अवकलन बहुधा वेगळे असते. त्याचे उत्तर वेगळे येत असावे.

बरे, आपण पुन्हा प्रवेश परीक्षाही घेता. तीत गणित असतेच, भरपूर असते. म्हणजे ज्याला गणित येत नाही तो त्या परीक्षेत आपोआप गळणार. मग तळटीप कशासाठी? दारात चाचणी घेणारा उभा असताना गल्लीच्या तोंडाशी आणखी एक पहारेकरी का बसवला असेल, यावर मी पुष्कळ विचार केला. आपण आमच्यावर दया करता, हे एकच उत्तर मला सुचले. परीक्षेत नापास होण्याचा अपमान आम्हाला सोसायला लागू नये म्हणून आपण परीक्षेलाच बसू देत नाही. केवढे हे मन!

आपल्या परंपरेचा एक मानबिंदू आपल्याला ठाऊक असेलच, नसेल तर सांगते. अमेरिकेत एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाची एक मुलगी होती. तिच्या शाळेत बीजगणित-भूमितीत अव्वल गुण असल्याशिवाय मुलींना त्रिकोणमिती घेऊ देत नसत. तिला दिली नाही. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तिने अर्थशास्त्रात पीएच.डी. करण्याची इच्छा दाखवली, तेव्हा तिथल्या अर्थशास्त्र विभागाने तिला घेतले नाही. कारण? गणित झालेले नाही. तिथे आपलेच कुणी पूर्वज बसले असावेत.

ती बाई गुपचूप राज्यशास्त्रात गेली. लॉस एंजेलिसच्या जमिनीखालचे पाणी सगळे उपसत सुटले असताना लोकांनी आपसांत नियम कसे बसवले, यावर तिने प्रबंध लिहिला. मग आयुष्यभर ती कुरणे, पाट, मासेमारीची पाणथळे यांच्यामागे हिंडली. सगळ्यांच्या मालकीची वस्तू सगळे मिळून ओरबाडतात आणि संपवतात, असे अर्थशास्त्रातले मोठमोठे लोक सांगत होते. हिने स्वित्झर्लंडच्या कुरणांपासून नेपाळच्या कालव्यांपर्यंतच्या उदाहरणांतून दाखवले, की गावकरी नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात आणि पाणी टिकवतात. पाणी वाटून घेण्यावरून ज्या राज्यात पिढ्यान् पिढ्या भांडणे चालतात तिथल्या मुलीला हे वाचून काय वाटले असेल, ते आपण समजू शकाल. २००९ साली ऑस्ट्रॉमबाईंना नोबेल मिळाले. राज्यशास्त्राचे नव्हे, कारण तसे नोबेल नसते. अर्थशास्त्राचे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री. तिला दारातून परत पाठवणाऱ्या महाशयांचे नाव मात्र इतिहासाने जपलेले नाही. नम्रता म्हणतात ती अशी.

हे लिहिताना मला आपले म्हणणे ऐकू येते : बाई, पण विषय आता गणिती झाला आहे. मान्य. अर्थमितीच्या पहिल्याच आठवड्यात मॅट्रिक्स येतात हे मला दिसते. मला ते हवेच आहेत, म्हणूनच तर अर्ज केला. शिवाय गणिताला कमी लेखणारे असे आपल्याकडचे पूर्वजही नव्हते. नामदार गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चाले. १९३० साली पुण्यात अर्थशास्त्राची जी संस्था निघाली तिला त्यांचेच नाव आहे. उलट तिकडे केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल. गणितात विद्यापीठात दुसरा आलेला माणूस. त्याने १९०६ साली एका स्नेह्याला पत्रात कळवले की गणित लघुलिपीसारखे वापरावे, मग सगळे साध्या भाषेत उतरवावे, जगण्यातली उदाहरणे द्यावीत आणि झाल्यावर गणित जाळून टाकावे. या मार्शलला आपल्याकडे प्रवेश मिळाला असता, त्याबद्दल शंका नाही. मुलाखतीत काय झाले असते ते सांगवत नाही.

आपण माझ्याकडून एकदा गणित करून घेतलेत, तेही विसरता येत नाही. आमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर सीजीपीआय असतो. आपल्या अर्जातल्या चौकोनाला टक्के हवे होते, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. रूपांतराचे सूत्र शोधले, पाच सत्रांचे श्रेयांक मांडले, भारित सरासरी काढली, पडताळून पाहिली. उत्तर बरोबर आले आणि अर्जाने ते स्वीकारले. त्याच्या पुढच्याच पानावर मला गणित नाही म्हणून अपात्र केलेत.

निकालाच्या बाबतीत आपण दाखवलेला विश्वास हृद्य आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अर्ज करावा, फक्त अमुक तारखेपर्यंत गुणपत्रिका सादर करावी, एवढीच आपली अपेक्षा. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा असे महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात लिहिलेलेच आहे. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा प्रयोग झाला, निकाल महिनोन् महिने रखडले, परराज्यांत आणि परदेशांत मिळालेले प्रवेश मुलांच्या हातून गेले आणि शेवटी कुलगुरूंना राज्यपालांनी दूर केले. मुलांनी त्या वर्षी काय केले असेल असे आपल्या मनात आले का? नसेल. आपल्या मुदतीची तारीख छापून झालेली होती.

दाखल्यांबद्दलही दोन शब्द. आमच्याकडे ओबीसीचा नॉन-क्रिमिलेअर दाखला आहे, राज्याच्या नमुन्यातला. आपल्याला हवा केंद्राच्या नमुन्यातला, आणि तोही एक एप्रिलनंतरचा. उत्पन्नाची मर्यादा दोन्हीकडे आठ लाख. घर तेच, बाबांचा पगार तोच. कागदाचा मायना निराळा. एका सेतू केंद्रातल्या काकांनी दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवून चष्मा वर केला आणि म्हणाले, “बाळ, यांना तू मागास आहेस हे पटतंय. फक्त कुणाच्या भाषेत, तेवढं ठरायचंय.” मी तो दाखला काढला. आपल्या लाल अक्षरांना त्याची गरज पडली नाही, एवढेच.

भाषेवरून आठवले. आपल्यापैकी बरेच जण आता सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेचे गुण धरतात. बरोबर उत्तराला चार, चुकले की एक वजा. पदवीच्या प्रवेशासाठीची सीयूईटी मराठीसह तेरा भाषांत देता येते. पदव्युत्तर अर्थशास्त्राची मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत. म्हणजे पदवी घेताना मराठी मुलाला मराठीत विचार करता येतो आणि पदवी मिळाली की ती खोड सुटते, असा आपला अनुभव असावा. लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्राचे पुस्तक मराठीत लिहिले ते १८४९ साली. तेव्हा मुंबई विद्यापीठ निघायला आठ वर्षे होती. त्या बिचाऱ्यांना अडवायला कुणी नव्हते.

क्लासवाल्यांच्या वतीनेही आपले आभार मानते. आपल्या परीक्षेची तयारी करून देणाऱ्यांच्या जाहिराती हल्ली दर दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर येतात. त्यांची फी बाबांच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या आसपास जाते. ते कुणालाही बारावीला गणित होते का असे विचारत नाहीत. सर्वसमावेशकता पाहायची तर तिथे.

आता एक आगाऊपणा करते, क्षमा असावी. २०२४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा आराखडा काढला. पदवी कुठल्याही विषयाची असो, हव्या त्या विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास विद्यार्थ्याला त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता यावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे देशाच्या पातळीवर पदवीचा विषयसुद्धा आडवा येऊ नये असे ठरते आहे, आणि आपण बारावीतल्या एका विषयाला धरून बसला आहात. त्या आराखड्याची प्रत आपल्याकडे आली असेलच. शेवटच्या पानाच्या तळाशी तारा नव्हता म्हणून कदाचित आपले लक्ष गेले नसेल.

माझी मागणी फार नाही. सवलत नको, वाढीव गुण नकोत. परीक्षा आताहून अवघड काढा. त्यात अवकलन घाला, संकलन घाला, संभाव्यता घाला. पदवीला गणिताचा पेपर दिला असेल तर त्याचे गुण मागा. वाटल्यास वर्ग सुरू होण्याआधी महिन्याभराचा गणिताचा पायाभूत वर्ग ठेवा आणि त्यात जो नापास होईल त्याला घरी पाठवा, माझ्यासकट. पण परीक्षेला बसू द्या. आणि ते जमत नसेल तर निदान ती तळटीप उचलून पहिल्या पानावर, हिरवळीवर हसणाऱ्या त्या चौघांच्या खाली, त्यांच्याच आकाराच्या अक्षरांत छापा. शुल्क भरून घेण्याआधी वाचता येईल अशी.

उत्तराची अपेक्षा आहे. आपल्या तत्परतेचा अनुभव असल्याने ते लवकर येईल अशी खात्री बाळगते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली नम्र,
एक अपात्र अर्थशास्त्र पदवीधर (निकाल येणे बाकी)
खोपट, ठाणे (प.)

ता. क. : हे पत्र महोदयांच्या खांद्यावरून वाचणाऱ्या दहावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी. अकरावीच्या खिडकीवर मॅथ्स की एसपी असे विचारतील. पुढे अर्थशास्त्र करायचे अंधूक जरी मनात असेल तरी मॅथ्स म्हणा, मागे कितीही रांग असू दे. आर्ट्सला जाणार असाल तर गणित शिकवणारे ज्युनियर कॉलेज कुठले ते पसंतीक्रम भरण्याआधी फोन करून विचारा. एसपी स्कोरिंग आहे हे खरे आहे. मला त्यात शंभरपैकी एक्क्याण्णव होते.